आळशी नाही, दमलाय तो!

शाळेतून आल्या आल्या मूल दप्तरासकट आडवं झालं, की आपल्या तोंडून पटकन निघतं, ‘किती हा आळस!’ पण मैत्रिणींनो, क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्या मुलाला हे ऐकवू नका. आतड्याला वारंवार सूज आणणारे हे आजार. जुलाब, पोटदुखी, शौचातून पडणारं रक्त आईला कळतं, थकवा मात्र दिसत नाही. शिवाय औषधांनी पोट शांत झालं, तरी तो कित्येकदा मागे उरतोच.

कारणं एकात एक गुंतलेली. आतड्याच्या जखमांतून रक्त जातं. त्यात सुजेमुळे हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते खाल्लेलं लोह रक्तात नीट शिरूच देत नाही. मग पालक, खजूर कितीही भरवा! हिमोग्लोबिन ठीक असलं तरी लोहाचा साठा आटलेला असू शकतो. तो दाखवणारा फेरिटिनचा आकडा सुजेत वाढून फसवतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. बी-१२, ड जीवनसत्त्व, स्टिरॉइडमुळे उडालेली झोप, मनाची उदासी, हे सगळं डॉक्टरांशी बोलायला हवं.

अशा मुलांचं रोजचं जगणं कसं चाललंय, हे जाणून घ्यायला डॉक्टर ‘इम्पॅक्ट-३’ ही ३५ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. ती मूल स्वतः भरतं, आई नव्हे. मला हे फार पटलं. नाहीतर डॉक्टरांनी ‘कसं वाटतंय?’ विचारलं, की उत्तर आपणच देऊन मोकळ्या!

शाळेत बाईंना आधीच सांगून ठेवावं, मधेच बाथरूमला जाऊ द्या, खेळाच्या तासाला दमला तर बसू द्या. सहलीला जायचं की नाही, हे मात्र त्यालाच ठरवू द्या.