अमेरिकन कपाशीची आई कोण? पानातल्या हिरव्या कणाने दिलेले उत्तर

जाफराबाद तालुक्यात ऑगस्टमध्ये कपाशी फुलावर येते. सकाळी उमललेले फूल फिकट, पांढरट पिवळे. दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी पडते. शिवारात दिसणारी ही जवळजवळ सगळी ‘अमेरिकन’ कपाशी, म्हणजे गॉसिपियम हिरसुटम. गावरानी कपाशी पेरलेल्या पिढीला मात्र दुसरे फूल आठवते: पिवळेधमक, पाकळ्यांच्या तळाशी लालसर डाग असलेले. ती गॉसिपियम आर्बोरियम, आपली देशी कपाशी.

एक मेक्सिकोकडून आलेली, दुसरी इथे हजारो वर्षे रुजलेली. दोघींत महासागराचे अंतर. तरीही अमेरिकन कपाशीचे आजोळ अमेरिकेत नाही, ते देशी कपाशीच्या घराण्यात आहे. हा शोध लागला तो पानातल्या हरितलवकामुळे.

हरितलवक म्हणजे पानाला हिरवा रंग देणारा आणि सूर्यप्रकाशातून अन्न बनवणारा पेशीतला सूक्ष्म कण. अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी हा स्वतंत्र जिवाणू होता. दुसऱ्या पेशीने त्याला पोटात घेतले आणि तो तिथेच राहिला. म्हणूनच त्याच्याकडे आजही स्वतःचा छोटा डीएनए आहे, पेशीच्या केंद्रकातल्या मोठ्या डीएनएपेक्षा वेगळा. त्यालाच हरितलवकाचा जीनोम म्हणतात.

आईचीच वंशावळ का कळते?

जालना जिल्ह्यात हे समजावणे सोपे आहे, कारण इथल्या बीजोत्पादक शेतकऱ्याला नर-मादी वाण कोणी शिकवावे लागत नाहीत. संकरित कपाशीच्या प्लॉटमध्ये मादी ओळीतली कळी दुपारनंतर सोलून तिचे पुंकेसर काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर नर वाणाच्या फुलातले पराग लावतात. बोंड धरते ते मादीच्या झाडावर. या बियाण्याच्या केंद्रकात निम्मा वाटा नराचा आणि निम्मा मादीचा असतो. हरितलवक मात्र सगळे मादीचे. कपाशीत परागकणाबरोबर नराचे हरितलवक पुढे जात नाहीत.

म्हणजे हरितलवकाचा डीएनए आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे, असा लाखो वर्षे सरळ रेषेत उतरतो. मध्ये सरमिसळ नाही. त्यात बदल होतात, पण फार संथ गतीने. दोन झुडपांच्या हरितलवकांत जितके फरक जास्त, तितकी त्यांची फारकत जुनी. हे फरक मोजूनच वंशवृक्ष मांडतात. कपाशीच्या सुमारे ५० जातींनाच नव्हे, तर जास्वंद, भेंडी, अंबाडी या तिच्या भाऊबंदांनाही हीच रीत लागू पडते.

दुसरी सोय आकाराची. वनस्पतींच्या हरितलवकाचा संपूर्ण जीनोम पहिल्यांदा १९८६ मध्ये जपानी संशोधकांनी वाचला, तंबाखू आणि मार्कांशिया या शेवाळवर्गीय वनस्पतीचा. अमेरिकन कपाशीचा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला: १,६०,३०१ अक्षरे, ११२ वेगवेगळी जनुके. केंद्रकातला जीनोम २०० कोटी अक्षरांहून मोठा आहे. शिवाय एका पानाच्या पेशीत हरितलवकाच्या डीएनएच्या अनेक प्रती असतात, त्यामुळे वनस्पती संग्रहालयातल्या जुन्या, वाळलेल्या पानातूनही तो वाचता येतो.

मग कपाशीत काय सापडले?

गुणसूत्रांचा हिशेब आधीच माहीत होता. देशी कपाशीत २६ गुणसूत्रे, अमेरिकनमध्ये ५२. या ५२ पैकी २६ देशी कपाशीच्या गटाशी जुळतात. शास्त्रज्ञ त्याला ‘ए’ गट म्हणतात. उरलेली २६ अमेरिका खंडातल्या रानकपाशीशी जुळतात, तो ‘डी’ गट. पेरूमधली गॉसिपियम रायमोंडाय ही त्यातली जवळची नातेवाईक. म्हणजे कधीतरी या दोन गटांचा संकर झाला आणि गुणसूत्रे दुप्पट होऊन नवी जात उभी राहिली. पण यात नर कोण आणि मादी कोण, हे गुणसूत्रांच्या संख्येवरून कळत नाही.

ते १९८९ मध्ये जोनाथन वेंडेल या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने हरितलवकाच्या डीएनएवरून दाखवले. ५२ गुणसूत्रांच्या कपाशींतले हरितलवक ‘ए’ गटाशी अगदी जवळचे निघाले, ‘डी’ गटापासून बरेच दूर. म्हणजे आई जुन्या जगातली, बाप अमेरिकेतला. फरक इतके थोडे होते की हा संकर सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वीचा असावा असा अंदाज निघाला. माणसाचा यात हात असणे शक्यच नव्हते. कपाशीचे बी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तग धरते. ते वाहत पलीकडे गेले असावे, हे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे.

इथे एक दुरुस्ती. समाजमाध्यमांवर अशा बातमीचे ‘अमेरिकन कापूस मूळचा भारतातलाच’ व्हायला वेळ लागत नाही. देशी कपाशी ही अमेरिकन कपाशीची आई नव्हे, फार तर मावशी. खरी आई म्हणजे ‘ए’ गटातली एक पूर्वज जात, जी आज जशीच्या तशी कुठेच उरलेली नाही.

फक्त हरितलवकावर विसंबले तर?

फसगत होते. ऑस्ट्रेलियातल्या गॉसिपियम बिकीआय या रानकपाशीचा हरितलवक पाहिला तर ती एका जातीची बहीण वाटते आणि केंद्रकातला डीएनए पाहिला तर वेगळ्याच गटाची. पूर्वी कधीतरी संकर झाला, नंतरच्या पिढ्यांत बापाच्या गटाशीच पुन्हा पुन्हा संकर होत राहिला आणि आईकडचे सगळे पुसले जाऊन हरितलवक तेवढा शिल्लक राहिला. अशी कोडी जगभरच्या फुलझुडपांत सापडतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मर्यादा याहून ठोस आहे. बियाणे भेसळीचे निघाले, तर हरितलवकाची तपासणी कामाची नाही. बाजारातल्या बहुतेक संकरित वाणांचे नर आणि मादी दोन्ही हिरसुटमच, त्यांचे हरितलवक जवळजवळ सारखेच. नराचा तर त्यात मागमूसही नसतो. बीजोत्पादकाचा माल पास की नापास ठरवणारी शुद्धता ग्रो-आउट टेस्टमध्ये किंवा केंद्रकातल्या डीएनए खुणांवरूनच बघावी लागते. २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीतले जनुकही केंद्रकात आहे, म्हणून ते परागाबरोबर शेजारच्या रानात जाऊ शकते. जनुक हरितलवकात बसवले तर ते परागातून सहसा पसरत नाही. अमेरिकेत हेन्री डॅनिएल यांच्या गटाने २००४ मध्ये कपाशीवर तसा प्रयोग यशस्वी केला. आपल्या बाजारातले बीटी बियाणे त्या प्रकारचे नाही.

या नात्याचा उपयोग काय?

स्वातंत्र्याच्या वेळी देशातले बहुतेक कापूस क्षेत्र देशी वाणांखाली होते. आज ते नावापुरते उरले आहे. धागा आखूड आणि बोंड लहान, या कारणांनी गावरानी मागे पडली. पण पाण्याचा ताण आणि रसशोषक किडी तिने अधिक सोसल्या. उत्तर भारतात अमेरिकन कपाशीला झोडपणारा पर्णगुच्छ विषाणूही तिला लागत नाही. गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाल्यापासून तर संशोधकांचे लक्ष पुन्हा या जुन्या घराण्याकडे वळले आहे.

अडचण अशी की मावशी-भाचीचा थेट संकर वांझ निघतो. देशीकडून १३ आणि अमेरिकनकडून २६ मिळून ३९ गुणसूत्रे होतात. त्यातल्या ‘ए’ गटाच्या १३ जोड्या जुळतात, ‘डी’ गटाची १३ एकटी पडतात. गुणसूत्रे रसायनाने दुप्पट करून, पुढे अनेक पिढ्या संकर करत ही गाठ सोडवावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे देशी कपाशीच सुधारायची. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे पीए २५५ आणि पीए ४०२ हे वाण त्याच वाटेने आले. दोन्ही देशीच, धागा मात्र जुन्या गावरानीपेक्षा लांब.