राक्षस : कुळ की कर्म?

एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या रानात भीमाने बकासुराचा वध केला, अशी खान्देशात आख्यायिका आहे. तेथला राक्षस नरभक्षक. टॉल्किन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीतील ऑर्कही असेच क्रूर.

विमलसूरींनी महाराष्ट्री प्राकृतात रचलेल्या ‘पउमचरिय’ ग्रंथात मात्र राक्षस हे विद्याधर मानवांचेच एक कुळ आहे. रावणाला मस्तक एकच. कंठहाराच्या रत्नांत मुखाची नऊ प्रतिबिंबे दिसली, म्हणून तो दशमुख. तो जिनभक्त व विद्वान. परस्त्रीच्या आसक्तीने नरकगतीस गेला, तरी पुढे तीर्थंकर होईल, असे जैन परंपरा मानते.

मुलांना राक्षसाची गोष्ट सांगताना एवढे अवश्य सांगावे : अधोगती कुळाने नव्हे, कर्माने होते, आणि कर्मक्षयाची वाट कोणालाही बंद नाही.