मांडी घालता येणारा पाय

मंडळी, पाय गेला तर माणसाचे काय काय जाते? तुम्ही म्हणाल, चालणे जाते. पण तेवढेच जात नाही. पंगतीला बसणे जाते. देवळात जाणे जाते. शेताच्या बांधावरून फिरणे जाते.

हे मी माझ्याच घरात पाहिले. मी तेव्हा शाळेत शिकत होतो. आमचे चुलते बैलगाडीच्या चाकाखाली सापडले. जखम चिघळली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढे शहरातल्या एका इस्पितळातून त्यांना लाकडी पाय मिळाला.

पाय दिसायला चांगला होता. पण तो बुटात घालावा लागे. बूट घालून देवळात कसे जायचे? चिखलात कसे उतरायचे? शिवाय पाऊल घोट्यात हलत नसे. त्यामुळे उकिडवे बसता येईना, मांडीही घालता येईना. घरात पंगत बसली, की चुलते बाहेर ओट्यावर एकटे जेवत. महिन्याभरात तो पाय खुंटीला टांगला गेला, तो कायमचाच.

ते म्हणायचे, "अरे, हा पाय खुर्चीवाल्याचा आहे. आपल्या घरात खुर्ची आहे का कुठं?"

चुलत्यांचे म्हणणे खरे होते. तसे पाय परदेशात निघाले. तिकडे लोक बूट घालतात, खुर्चीवर बसतात. त्यांना तो पाय सोयीचा. आपल्या शेतकऱ्याला मात्र तो अडचणीचा.

जयपूरचे दोघे जण

राजस्थानात जयपूर शहर आहे. तेथे सवाई मानसिंग नावाचे सरकारी रुग्णालय आहे. डॉ. प्रमोद करण सेठी तेथे हाडांचे डॉक्टर होते. त्यांनाही हीच अडचण दिसली.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर येत. कुष्ठरोग्यांना ते हातकाम शिकवीत. ते शाळा फार शिकलेले नव्हते. पण हातात मोठी कला होती. डॉक्टरांना शरीराचे ज्ञान होते, कारागिराला रबराचे नि लाकडाचे. दोघांनी डोकी एकत्र केली. १९६८ च्या सुमारास नवा पाय तयार झाला. त्यालाच 'जयपूर फूट' म्हणतात.

हा पाय कसा असतो?

टाच आणि बोटांकडचा भाग स्पंजासारख्या मऊ रबराचा असतो. घोट्याचा भाग हलक्या लाकडाचा असतो. हे तुकडे एकत्र बांधतात. वरून कातडीच्या रंगाचे रबर चढवतात. मग साच्यात घालून तापवतात. टायरवर नवे रबर चढवतात ना, तशीच ही रीत.

आत रबर असल्यामुळे पाऊल सगळीकडे थोडे वाकते. मांडी घालता येते. उकिडवे बसता येते. खडबडीत जमिनीवर चालता येते. बुटाची गरज नाही. पाण्याचिखलातही चालता येते. पावलाच्या वरची नळी पुष्कळदा एका जातीच्या प्लॅस्टिकच्या पाइपाची करतात. शेतात पाणी नेण्यासाठीही तसले पाइप वापरतात.

१९७५ साली जयपुरात भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली. ही संस्था हा पाय फुकट बसवून देते. गावोगावी शिबिरेही घेते. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ साली अपघातानंतर कापावा लागला. हाच पाय लावून १९८४ साली त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या.

आपण काय ध्यानात ठेवावे?

पाय अपघातानेच जातो असे नाही. साखरेच्या आजारानेही म्हाताऱ्या माणसांचे पाय जातात. कोणाला कृत्रिम पाय घ्यायचा असेल, तर माप घेणाऱ्याला आपले राहणे सांगा. जमिनीवर बसता का? शेतात जाता का? घरी पायऱ्या किती? लाजू नका. पाय टोचला, ढिला झाला किंवा जखम झाली, तर तो खुंटीला टांगू नका. परत जाऊन दुरुस्त करून घ्या.

म्हाताऱ्यांच्या काठीलाही हेच लागू. काठीची मूठ मनगटाशी यावी. हात खाली सोडून उभे राहा, म्हणजे माप कळेल. काठीच्या टोकाला रबराची टोपी हवी. एक पाय दुखत असेल, तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरावी.

आमच्या चुलत्यांना जयपूरचा पाय मिळाला नाही. असा पाय निघाला आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. ते शेवटपर्यंत ओट्यावरच जेवले.

आता तुम्हाला वाचता येते. तुमच्या गावात कोणी ओट्यावर एकटे जेवत असेल, तर त्याच्याजवळ बसून एवढे वाचून दाखवा.