कवकनाशके व पाण्याच्या ताणातील फुलझाडे

कवकनाशके व पाण्याच्या ताणातील फुलझाडे : बुरशीजन्य (कवकजन्य) रोगांच्या निवारणार्थ वापरण्यात येणाऱ्या रसायनांचा परिणाम केवळ कवकांवरच होतो असे नाही, त्यांपैकी कित्येक रसायने वनस्पतीच्या वाढीतही फेरफार घडवून आणतात. जमिनीतील ओलावा अपुरा असताना हे फेरफार विशेष जाणवतात. झेंडू, पिटुनिया, झिनिया, सदाफुली इ. वाफ्यांत लावल्या जाणाऱ्या फुलझाडांची रोपे लागणीनंतर काही आठवडे उथळ मुळांवरच जगत असतात. शिवाय हंगाम थोड्या महिन्यांचा असल्यामुळे एकदा खुंटलेली वाढ भरून निघण्यास अवधी मिळत नाही.

सह्याद्रीलगतच्या प्रदेशात, उदा., पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यातील हिर्डोशी खोऱ्यात, अतिवृष्टी व कोरड ही दोन्ही संकटे एकाच रोपावर येऊ शकतात. पावसाळ्यात पिथियम, ऱ्हायझोक्टोनिया यांसारख्या रोगकारकांमुळे रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. पाऊस ओसरला की, उतारावरील उथळ जमिनीतील ओल झपाट्याने नाहीशी होते. मुळे आधीच कुजलेली असल्यास माती ओली असूनही रोप कोमेजते आणि ते तहानलेले समजून आणखी पाणी दिल्यास रोग बळावतो. अशा वेळी कवकनाशकाच्या आळवणीने रोप सावरले, तर ते मुळे वाचल्यामुळे होय. औषधात काही पोषक गुण आहे, असे त्यावरून समजू नये.

जुन्या कवकनाशकांपैकी बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुना) हे सुप्रसिद्ध आहे. मिलार्डे यांनी १८८५ मध्ये ते फ्रान्समधील द्राक्षवेलींसाठी प्रचारात आणले. या मिश्रणाचा थर बसलेल्या पानांतून बाष्पोच्छ्वास (पानांवाटे होणारे पाण्याचे उत्सर्जन) वाढतो, असे डगर व कूली यांना १९१४ मध्ये आढळून आले. भरपूर ओल असताना ही वाढ सहन होते. ताण पडलेल्या रोपाच्या दृष्टीने मात्र ती उपकारक नाही.

ट्रायाझोल गटातील कवकनाशकांचा परिणाम याच्या उलट होतो. कवकाच्या पेशीपटलास आवश्यक असलेल्या एर्गोस्टेरॉलाची निर्मिती ती रोखतात. वनस्पतीत जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक तयार करणारे एक एंझाइम याच धाटणीचे असल्यामुळे त्याचेही कार्य कमीअधिक मंदावते. परिणामी पेरी आखूड राहतात, पाने जाड व गडद हिरवी होतात आणि खोडाच्या मानाने मुळांचे प्रमाण वाढते. ॲब्सिसिक अम्लाचा ऱ्हास मंदावल्याने पर्णरंध्रे अंशतः मिटलेली राहतात. ट्रायडिमेफॉनामुळे ताणातील वनस्पतींचा बाष्पोच्छ्वास घटून उत्पन्न वाढते, असे फ्लेचर व नाथ यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. तथापि अशा प्रयोगांचे निष्कर्ष तपासून घ्यावे लागतात. खुजे रोप उशिरा कोमेजते, एवढ्यावरून ते अवर्षणसहिष्णू झाले असे ठरत नाही. पानांचे क्षेत्रफळच कमी असल्याने कुंडीतील तेवढेच पाणी त्याला अधिक दिवस पुरते.

महाराष्ट्रात या गटाचे परिचित उदाहरण आंब्याचे आहे. पॅक्लोब्युट्राझोल हे ट्रायाझोल मुख्यत्वे वाढनियंत्रक म्हणून वापरले जाते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने हापूस आंब्यासाठी, झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक, अशी त्याची मात्रा शिफारस केली आहे. ते जमिनीत दीर्घकाळ टिकते. मोठ्या झाडाला मानवणारे हे द्रव्य फुलझाडांच्या बाबतीत फार जपून वापरावे लागते : बिगोनिया व पॅन्सी अल्प मात्रेतही खुरटतात, तर सदाफुलीच्या पानांवर त्याच्या फवाऱ्याने काळे ठिपके पडतात. रोगासाठी म्हणून ट्रायाझोल कवकनाशकाची आळवणी वारंवार केल्यास रोपे गुच्छासारखी बसकी राहून फुलोरा लांबण्याचा संभव असतो.

कोमेजलेल्या रोपांवर कोणतेही कवकनाशक फवारू नये, कारण पाने करपण्याचा धोका त्या स्थितीत अधिक असतो. आदल्या दिवशी पाणी देऊन पाने ताठ झाल्यावर सकाळी, ऊन चढण्यापूर्वी फवारणी करतात.