अंगणातील वाळा

उन्हाळ्यात माठातील पाण्याला सुवास देणारी मुळे कोणत्या वनस्पतीची, असे विचारल्यास पुष्कळांना वाळ्याचे नाव आठवते. परंतु वाळा हे एक डौलदार गवत आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. मूळच्या भारतीय अशा या बहुवर्षायू गवतास संस्कृतात उशीर, हिंदीत खस व तमिळमध्ये वेट्टिवेर म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव क्रायसोपोगॉन झिझानिऑइडिस असे आहे.

अरुंद, ताठ पात्यांचा त्याचा ठोंब सुमारे दीड मीटर उंच होतो. त्याचे खरे वैशिष्ट्य मात्र जमिनीखाली असते. पुष्कळ गवतांची मुळे उथळ थरात पसरतात; वाळ्याची मुळे सरळ खाली उतरतात व अनुकूल जमिनीत 3 मीटरपर्यंत पोहोचतात. ती माती घट्ट धरून ठेवतात. ठोंबांची दाट ओळ उतारावरून वाहणाऱ्या पाण्याचा वेग मंदावते, आणि वाहत आलेला गाळ ओळीमागे साचतो.

वाळ्याच्या लागवडीतील दक्षिण भारतीय प्रकारास रुजणारे बी सहसा धरत नाही. उत्तरेकडील रानटी प्रकारास ते धरते. बागेत गवत इतस्ततः माजू नये म्हणून पहिला प्रकार निवडावा.

पावसाळ्याच्या आरंभी जुना ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचे गड्डे करावेत. पाती सुमारे 20 व मुळे 10 सेंटिमीटर राखून छाटावीत. पाती छाटल्याने बाष्पोत्सर्जन कमी होते व नवी मुळे फुटेपर्यंत रोप तग धरते. कुंपणासाठी गड्ड्यांत 10 ते 15 सेंटिमीटर अंतर ठेवावे. शोभेसाठी एकेकटा ठोंब मोकळ्या जागी लावावा. जागा भरपूर उन्हाची हवी. सावलीत हे गवत दुबळे होते. रोपे रुजेपर्यंत पाणी द्यावे व मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावावीत, कारण ओळीतील एका खिंडारातूनही पाणी माती ओढून नेते.

येथे एक विवेक अवश्य बाळगला पाहिजे. सुगंधी मुळांसाठी सुमारे दीड वर्षाने संपूर्ण ठोंब खणून काढावा लागतो. उतारावर असे केल्यास माती भुसभुशीत होऊन पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जाते. ज्या मुळांनी ती राखली, त्यांच्याच लोभाने ती गमवावी लागते. यास्तव उतारावरील ओळीस कुदळ लावू नये. माठासाठी चार ठोंब सपाट जागेत निराळे लावावेत.