दादरला दोन ‘एक नंबर’!

दोस्तांनो, एक कोडं घालू?

समजा, तुमच्या शाळेत पाचवीचे दोन वर्ग आहेत, अ आणि ब. दोन्ही वर्गांत हजेरीचा एक नंबर आहेच. एके दिवशी दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसवले आणि बाई म्हणाल्या, “एक नंबर, उभं राहा!” काय होईल? दोघं जण टुणकन उठतील!

मुंबईच्या दादर स्टेशनवर अगदी हेच चालायचं. तिथे प्लॅटफॉर्म नंबर एक होते चक्क दोन! दोन नंबरही दोन, तीन नंबरही दोन!

आपल्या पारनेरला रेल्वे स्टेशन नाही. आगगाडी बघायची तर अहिल्यानगर गाठायचं. पण मुंबईत काका नाही, मामा नाही, असं घर पारनेर तालुक्यात शोधूनच काढावं लागेल! समजा, त्या काळी सुट्टीत तुम्ही मुंबईला गेलात आणि मामा फोनवर म्हणाला, “दादरला एक नंबरवर थांब, मी आलोच.” तुम्ही एका ‘एक नंबर’वर, मामा दुसऱ्या ‘एक नंबर’वर! मध्ये रुळांच्या रांगा आणि माणसांचा पूर. मग काय, फोनवर फोन!

असं का बरं झालं? कारण दादर दिसायला एक स्टेशन असलं, तरी खरं तर ती दोन स्टेशनं आहेत. एकमेकांना खेटून उभी!

चला, जरा मागे जाऊ. 16 एप्रिल 1853. मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला एका रेल्वे कंपनीची पहिली प्रवासी गाडी निघाली. अंतर 34 किलोमीटर. गाडी ओढायला एक नाही, तीन इंजिनं! त्यांची नावं ऐका: साहिब, सिंध आणि सुलतान. ती दादरवरूनच धडधडत गेली. पुढे 1860 नंतरच्या काळात उत्तरेकडून दुसऱ्याच कंपनीने आपले रूळ मुंबईत आणले. दादरला दोघींचे रूळ शेजारी शेजारी आले. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं असावीत ना, तसं! अंगणाला अंगण लागलेलं, पण चुली वेगळ्या. प्रत्येकीने आपापले प्लॅटफॉर्म आपापले मोजले. दोघींनीही सुरुवात एकपासूनच केली!

पुढे त्यांच्या झाल्या मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे. आणि ओळखा पाहू, या दोघींचा वाढदिवस कधी? एकाच दिवशी! 5 नोव्हेंबर 1951. जुळ्या बहिणीच जणू. तरीही नंबर काही बदलले नाहीत. मधल्या पुलावरून लोक इकडचे तिकडे धावत राहिले. आणि गंमत बघा, मराठीत ‘दादर’ या शब्दाचा अर्थच जिना असा आहे!

बरं, चुकीच्या प्लॅटफॉर्मवर गेलात तर परत पळत यायला वेळ मिळतो का? छे! लोकल थांबते जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्यात तुमची बुटाची नाडीसुद्धा बांधून होणार नाही. आणि बारा डब्यांची ती लोकल केवढी लांब, ठाऊक आहे? साधारण अडीचशे मीटर! खो-खोची नऊ मैदानं टोकाला टोक लावून ठेवा, तेवढी!

शेवटी 9 डिसेंबर 2023 ला दोन्ही बिऱ्हाडांची हजेरी एक झाली. पश्चिम रेल्वेचे नंबर एक ते सात तसेच राहिले. मध्य रेल्वेचे आठपासून पुढे सुरू झाले.

आता पाटी-पेन्सिल घ्या. मध्य रेल्वेचा जुना एक नंबर झाला आठ. म्हणजे सात मिळवले. जुना तीन नंबर मग किती व्हायला हवा? तीन अधिक सात, दहा. पण तो झाला नऊ! जुना चार झाला दहा आणि जुना आठ झाला चौदा. अरेच्चा! इथे तर सहाच मिळवलेत. रेल्वेवाले बेरीज चुकले की काय?

मुळीच नाही! सांगा बरं, मधला दोन नंबर कुठे गेला?

दोन नंबर उरलाच नाही! जुन्या एक नंबरवर फार गर्दी व्हायची. तो अरुंद होता. सहा जणांनी बसायच्या बाकावर दहा जण बसल्यावर कसं होतं, तसं. म्हणून शेजारचा दोन नंबर बंद केला आणि त्याची जागा एक नंबरला देऊन टाकली. वर्गातला एक मुलगा दुसऱ्या शाळेत गेला की मागच्या सगळ्यांचा हजेरी नंबर एकाने कमी होतो ना? अगदी तस्संच! मला तर ही सगळ्या स्टेशनातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. हरवलेला प्लॅटफॉर्म बेरजेतून सापडतो!

आता शेवटची गंमत, खास पारनेरकरांसाठी. दादरला पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडलात की रुळांना समांतर जाणारा एक मोठा रस्ता लागतो. गाड्या, टॅक्स्या, भाजीवाले, नुसती लगबग! या रस्त्याला ज्यांचं नाव दिलंय ते मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनींसाठी सत्याग्रहात लढले होते. त्यांचा जन्म 1880 साली झाला. कुठे? आपल्या पारनेरमध्ये!

पुढच्या सुट्टीत मामाला सांगा, “आठ नंबरवर भेट.” मग पूल ओलांडून पश्चिमेला उतरा आणि ती पाटी नक्की वाचा: सेनापती बापट मार्ग.