बंदूक हातात नसते तेव्हा

पडद्यावरची रणभूमी : लेखांक ६

आपल्याला घरातून फरफटत बाहेर काढतात आणि गाडीच्या मागच्या सीटवर ढकलतात. खेळाडूच्या हाती आता फक्त मान फिरवणं उरलेलं असतं. खिडकीबाहेर शहर पडतंय. सैनिक दारं फोडताहेत, माणसं जिवाच्या आकांताने पळताहेत, काहींना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या जाताहेत. आपण पाहत राहतो. कंट्रोलरवरची सगळी बटणं दाबून झाली तरी काहीच होत नाही. शेवटी गाडी थांबते, आपल्याला ओढत नेऊन खांबाला बांधतात आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर एक माणूस आपल्या तोंडावर पिस्तूल रोखून चाप ओढतो. पडदा काळा होतो.

‘कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर’ या गेमची श्रेयनामावली या प्रसंगावर चालते. त्या काही मिनिटांपुरते आपण यासिर अल-फुलानी नावाच्या राष्ट्राध्यक्षाच्या डोळ्यांनी बघत असतो. ज्या गेमचा सगळा व्यवहार गोळी झाडण्याचा, तो कथा रंगायच्या आधीच खेळाडूच्या हातातली बंदूक काढून घेतो. गेली अनेक वर्षं हा गेम मी पुन्हा पुन्हा खेळत आलो आहे आणि दर वेळी माझं मत पक्कं होत गेलं आहे : हा गेम मोठा ठरतो तो बंदुकीचा उपयोग संपतो त्या जागांवर. आणि तो उणा पडतो तो नुसती बंदूक चालू असते तिथे.

मागच्या लेखांकात आपण दुसऱ्या महायुद्धावरचे गेम पाहिले. २००२ मध्ये आलेल्या ‘मेडल ऑफ ऑनर : अलाइड असॉल्ट’मधला ओमाहा किनाऱ्यावर उतरण्याचा प्रसंग वाचकांना आठवत असेल. तो गेम घडवणाऱ्यांपैकी बरेच जण बाहेर पडले आणि त्यांनी कॅलिफोर्नियात ‘इन्फिनिटी वॉर्ड’ ही कंपनी काढली. पहिला ‘कॉल ऑफ ड्यूटी’ (२००३) आणि दुसरा (२००५) त्यांचेच. तिसरा ‘ट्रेयार्क’ या दुसऱ्या कंपनीने केला. हे तिन्ही गेम नाझींशी लढण्यात गेले. ५ नोव्हेंबर २००७ रोजी चौथा आला तो थेट आजच्या युद्धात. त्या वेळी अमेरिकेचं सैन्य इराकमध्ये होतं, अफगाणिस्तानातही होतं. ज्या लढाईच्या बातम्या रोज टीव्हीवर दिसत होत्या, तिचा पोशाख घालून हा गेम उतरला. लष्करी शूटरने, म्हणजे गोळीबाराच्या गेमने, पुढची दहा-बारा वर्षं हाच पोशाख अंगावरून उतरवला नाही.

हातात घेताच जाणवतं ते त्याचं चलन. त्या काळातले कन्सोलवरचे बहुतेक शूटर सेकंदाला ३० चित्रं दाखवत. हा ६० दाखवायचा. त्यासाठी चित्राचा तपशील कमी करावा लागला. एचडीचा गवगवा चालू असताना कन्सोलवर या गेमचं चित्र १०२४ गुणिले ६०० ठिपक्यांचं होतं. बनवणाऱ्यांनी डोळ्यांपेक्षा बोटांना झुकतं माप दिलं आणि ते अचूक ठरलं. बटण दाबलं की बंदूक डोळ्याशी येते, बोट हललं की गोळी सुटते, मध्ये कुठे आळस नाही. गोळी लाकडातून, पत्र्यातून, पातळ भिंतीतून आरपार जाते आणि जाताना तिचा जोर कमी होतो. त्यामुळे आडोशामागे बसलेला माणूस सुरक्षित आहे असं गृहीत धरता येत नाही, मग तो शत्रू असो वा आपण. शूटरच्या कारागिरीत इतकी सफाई त्याआधी फार थोड्यांना साधली होती.

पण कारागिरीवर गेम लक्षात राहत नाही. ‘मॉडर्न वॉरफेअर’चा विषय निघाला की खेळणारे आधी एकाच मिशनचं नाव घेतात : ‘ऑल घिलीड अप’. कथा १५ वर्षं मागे, १९९६ मध्ये जाते. युक्रेनमधलं प्रिप्यात शहर. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाल्यावर २७ एप्रिल १९८६ रोजी हे सुमारे ४९,००० वस्तीचं शहर एका दुपारी रिकामं करण्यात आलं. तिथल्या बागेतला उंच पाळणा १ मे रोजी रीतसर सुरू व्हायचा होता. तो पाळणा आजही तिथे गंजत उभा आहे आणि गेममध्येही आहे.

आपण असतो लेफ्टनंट प्राइस. सोबत कॅप्टन मॅकमिलन. दोघांच्या अंगावर गवताच्या दोऱ्यांचा वेष, घिली सूट. मॅकमिलन हळू आवाजात सांगत राहतो : थांब, खाली वाक, आता सरक. वाळलेल्या गवतात पोटावर पडून असताना समोरून शत्रूची अख्खी तुकडी येते. चिलखती गाड्या, त्यांच्या दोन्ही बाजूंनी चालणारे सैनिक. बूट डोक्यापासून हातभर अंतरावरून जातात. इथे बंदूक असते, पण ती चालवली की आपण मेलो. काही जागी किरणोत्सर्गाचे खड्डे आहेत. तिकडे पाऊल वळलं की मोजणी यंत्राची टिकटिक वाढत जाते. बऱ्याच शत्रूंना न मारताही पुढे जाता येतं आणि तसं गेलेलंच बरं असतं. संगीत जवळजवळ नाहीच. वारा ऐकू येतो. शूटरमध्ये गोळी न झाडण्याचा ताण गोळी झाडण्याच्या थरारापेक्षा मोठा असू शकतो हे मला या मिशनने दाखवलं, आणि त्याच्यानंतर आलेल्या कितीतरी गेमनी ती चाल उचलली. मूळची शांतता त्यांतल्या फार थोड्यांना जमली.

याच प्रसंगाचा पुढचा भाग, ‘वन शॉट, वन किल’, गेमचं दुसरं रूप दाखवतो. इमरान झाखाएव या शस्त्रास्त्रांच्या सौदागरावर लांबून एक गोळी झाडायची, वाऱ्याचा अंदाज घेऊन. गोळी लागते, त्याचा हात तुटतो, तो वाचतो. मग पळापळ. मॅकमिलन जखमी होतो, त्याला खांद्यावर उचलून न्यावं लागतं. इथवर सगळं विलक्षण आहे. त्यानंतर त्या गंजलेल्या पाळण्यापाशी हेलिकॉप्टरची वाट बघत थांबायचं असतं आणि शत्रू यायला लागतात. येतच राहतात. मघापर्यंत ज्या शहरात एकेक पहारेकरी जिवंत माणूस वाटत होता, तिथे आता नळ उघडा ठेवल्यासारखे सैनिक ओतले जातात. सगळी जादू त्या पाच-सात मिनिटांत विरते.

यामागची यंत्रणा समजून घ्यायला हवी, कारण या गेमचा सगळ्यात मोठा दोष तिथेच आहे. नकाशावर न दिसणाऱ्या रेषा आखलेल्या असतात. आपण एक रेषा ओलांडत नाही तोवर ठरावीक दारांतून, गल्ल्यांतून नवे शत्रू येत राहतात. गेमवाले याला रिस्पॉन म्हणतात. म्हणजे नीट नेम धरून दहा माणसं टिपणाऱ्याच्या कौशल्याला काही किंमत नाही, कारण अकरावा तयारच आहे. किंमत आहे ती डोकं खाली घालून रेषेपलीकडे धावण्याला. सर्वांत कठीण पातळीवर, म्हणजे ‘व्हेटरन’वर, हे फार खुपतं. तिथे पायाशी एकामागून एक हातबॉम्ब येऊन पडतात आणि मरण आपल्या चुकीमुळे आलं की निव्वळ गर्दीमुळे, हेच कळत नाही.

जखमांचंही तसंच. गोळी लागली की पडद्याच्या कडा लाल होतात. भिंतीमागे काही सेकंद बसलं की आपण ठणठणीत. खेळ अडकून पडत नाही हा त्याचा फायदा मला मान्य आहे. पण ज्या गेमला युद्धाची भीती दाखवायची आहे, त्यात दुखापत श्वास घेतल्यासारखी भरून यावी, हे एकमेकांशी जुळत नाही.

आणि आता तो प्रसंग, ज्यासाठी हा लेखांक लिहिला. सार्जंट पॉल जॅक्सन हा अमेरिकी मरीन, गेमच्या एका भागाचा नायक. शहरातून बाहेर पडताना त्याची तुकडी, पडलेल्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकेला सोडवायला मागे फिरते. कथेत लक्षात राहणारी स्त्री ही एकच. आपण धावत जाऊन तिला उचलून आणतो, आपलं हेलिकॉप्टर उडतं, सुटलो असं वाटतं आणि मागे अणुबॉम्ब फुटतो. पुढच्या दृश्यात जॅक्सन हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात डोळे उघडतो. आपण त्याला रांगत बाहेर काढतो. उभं राहायचा प्रयत्न केला की तो कोसळतो. केशरी आभाळ, समोर छत्रीसारखा ढग, आजूबाजूला आपलेच मेलेले सोबती. कुठेही जा, काहीही करा, थोड्या वेळात तो मरतो. वाचण्याचा मार्ग ठेवलेलाच नाही. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा आपण काही चुकलो असं वाटून पुन्हा मागे जाऊन पाहिलं होतं. चूक नव्हतीच. शूर माणसाने योग्य तेच केलं आणि तरी तो राखेत मेला, एवढंच त्या दृश्याला सांगायचं होतं.

एवढं धाडस दाखवणाऱ्या गेमने एक गोष्ट मात्र टाळली. जॅक्सन कुठे मरतो? ‘मध्यपूर्वेतल्या’ एका देशात. त्याला नाव नाही. प्रिप्यातची बाग तिच्या पाळण्यासकट अचूक उभी करणाऱ्यांनी त्या अरब देशाला नाव द्यायची तसदी घेतली नाही, आणि तिथल्या सामान्य माणसांचा चेहराही अल-फुलानीच्या गाडीतून दिसतो तेवढाच. नंतर रस्ते ओस पडतात. उरतात ते फक्त मारायचे शत्रू. निनावी देश सोयीचा असतो, कारण त्याच्या वतीने जाब विचारायला कोणी येत नाही. ही सोय पुढे कुठवर गेली पाहा. २०१९ मध्ये याच नावाने आलेल्या नव्या ‘मॉडर्न वॉरफेअर’मध्ये उर्झिकस्तान नावाचा काल्पनिक देश आहे आणि त्यात ‘हायवे ऑफ डेथ’ नावाचा रस्ता. गेममधली पात्रं सांगतात की पळून जाणाऱ्या लोकांवर तिथे रशियनांनी बॉम्ब टाकले. खऱ्या जगात हे नाव कुवेतहून बसऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गाला मिळालं, फेब्रुवारी १९९१ मध्ये, आणि माघार घेणाऱ्या इराकी ताफ्यावर तिथे बॉम्ब टाकले ते अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने. यावर खेळाडूंनी आणि पत्रकारांनी कडक टीका केली. ती योग्यच होती.

२००७ च्या गेमकडे परत येऊ. ‘डेथ फ्रॉम अबव्ह’ या मिशनमध्ये आपण एसी-१३० या विमानाचे तोफची असतो. खाली रात्र, पडद्यावर उष्णतेचं करडं चित्र, माणसं म्हणजे पांढरे ठिपके. २५, ४० आणि १०५ मिलिमीटरच्या तीन तोफा. चर्चवर किंवा आपल्याच माणसांवर गोळा टाकला तर मिशन फसतं, बाकी मोकळीक. विमानातले आवाज दुकानात हिशोब चालावा इतके शांत. यात धोका जवळजवळ नाही, कौशल्यही फारसं नाही, आणि मिशन संपल्यावर अंगावर शहारा येतो. १२ जुलै २००७ रोजी बगदादमध्ये अमेरिकी अपाची हेलिकॉप्टरांनी केलेल्या गोळीबारात रॉयटर्सचे दोन कर्मचारी मारले गेले. ती चित्रफीत विकिलीक्सने एप्रिल २०१० मध्ये जगासमोर आणली. ती पाहताना मला हेच मिशन आठवलं : तेच करडं चित्र, तोच सपाट आवाज. युद्धाचं हे दूरस्थ रूप गेमने किती बरोबर टिपलं होतं, ते तेव्हा कळलं.

मेल्यावर पडद्यावर युद्धाबद्दलची वचनं येतात, आणि अधूनमधून नुसत्या किमती : एक टॉमाहॉक क्षेपणास्त्र ९,००,००० डॉलर, एक जॅव्हलिन ८०,००० डॉलर. मला ही छोटी जागा फार आवडते.

मात्र बहुसंख्य लोकांनी या गेमची कथा एकदा खेळली आणि मल्टिप्लेअर, म्हणजे इतर खेळाडूंविरुद्धचे सामने, शेकडो तास. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंमध्ये तर कथेची आठवणही कुणी काढत नसे. लॅनवर पाच विरुद्ध पाच, ‘क्रॅश’ किंवा ‘क्रॉसफायर’ नकाशा, आणि शेजारच्या खुर्चीवरून येणारी आरोळी. मीही त्यातलाच. या भागात रचनेची हुशारी आहे. प्रत्येक बळीचे गुण, गुणांनी वाढणारी ५५ पर्यंतची पायरी, प्रत्येक पायरीवर नवी बंदूक किंवा ‘पर्क’ नावाची नवी सवलत. आजच्या मोबाइल गेमांतही हीच शिडी दिसते. तिचा त्रासही तेव्हापासूनचा : मरताना पायाशी बॉम्ब सोडणारं ‘मार्टिरडम’ अनाड्याला फुकट बळी मिळवून देतं. पीसीवरच्या गंभीर खेळाडूंनी शेवटी ‘प्रोमॉड’ नावाची स्वतःची आवृत्ती केली आणि सवलती काढून टाकल्या.

खरी अडचण बक्षिसांची आहे. न मरता सलग तीन बळी घेतले की रडार, पाच घेतले की हवाई हल्ला, सात घेतले की हेलिकॉप्टर. कथेत जे वरून पडताना पाहून शहारा आला, ते इथे शाबासकी म्हणून मिळतं. एकाच तबकडीवर दोन गेम होते आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं.

माझा कौल असा. कथा अजूनही खेळावी, सहा-सात तासांत होते. वयाची अट पाळावी. अमेरिकेत हा गेम १७ वर्षांपुढच्यांसाठी आहे. घरात मोठी मुलं हे गेम खेळत असतील तर जॅक्सनच्या मरणाचा प्रसंग त्यांच्या शेजारी बसून पाहा आणि मग मल्टिप्लेअरचा एक सामनाही पाहा. पुढच्या लेखांकात अमेरिकी सैन्याने भरतीसाठी स्वतः काढलेल्या ‘अमेरिकाज आर्मी’कडे वळू.

त्याआधी एक नोंद. ‘मॉडर्न वॉरफेअर २’ दोन वर्षांनी, २००९ मध्ये आला. त्याच्या मल्टिप्लेअरमध्ये सलग २५ बळी घेणाऱ्याला अणुबॉम्ब मिळतो. तो टाकला की सगळे मरतात आणि टाकणाऱ्याचा संघ सामना जिंकतो.